गेमचं पुस्तक कपाटातून काढू का?

वाचकाचं पत्र

ताई, मी पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीत राहते. क्लब हाउसच्या मागच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी मुलांचं छोटं वाचनालय चालवते. आठ ते तेरा वयाची २२ मुलं येतात. दिवाळीच्या सुट्टीत मी एका विनोदी बालकादंबरीच्या चार प्रती आणल्या. गोष्ट व्हिडिओ गेमची आहे. सहावीतल्या एका मुलाचा टॅब बिघडतो आणि त्याच्या गेममधली पात्रं त्याच्या फ्लॅटमध्ये राहायला येतात. मुलांनी पुस्तकाचा फडशा पाडला. वाचून झालं की मी प्रत्येकाला मत म्हणून एक चिठ्ठी लिहायला सांगते. एरवी पाच-सहा येतात, यावेळी १७ आल्या.

पण पालकांच्या ग्रुपवर वेगळंच सुरू झालं. 'फोन सुटावा म्हणून मुलांना तुमच्याकडे पाठवतो आणि तुम्ही गेमचंच पुस्तक हातात देता?' असं एकीनं लिहिलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. एका वडिलांनी 'आता सरकारनंही गेम बंद केले' म्हणून बातमी टाकली. एका आजोबांना भाषा खटकली : लेव्हल, बॉस, रीस्टार्ट, ही काय मराठी झाली? एका आईची काळजी निराळी आहे. तिचा मुलगा तेच पुस्तक पाचव्यांदा वाचतोय, दुसरं हातात धरत नाही. आणि एका मुलीला पुस्तक मुळीच आवडलेलं नाही. येत्या रविवारी बैठक आहे. पुस्तक काढून ठेवू का? चिठ्ठ्यांचे फोटो सोबत पाठवतेय.

— एक वाचनवेडी, नाशिक

उत्तर

काढू नका. बैठक तोंडावर आली आहे म्हणून उत्तर आधी दिलं, आता सविस्तर बोलते.

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी ती कादंबरी मिळवून वाचली. पुस्तक न बघता त्यावर मत देणं मला जमत नाही. नाव इथे मुद्दाम देत नाही, कारण उद्या दुसऱ्या सोसायटीत दुसऱ्या पुस्तकावरून हाच वाद होणार आहे. पहिली साठेक पानं मला फार आवडली. त्या गेमचा हिरो फक्त उजवीकडे चालू शकतो आणि शाळा फाटकाच्या डावीकडे आहे, म्हणून तो रोज तीनदा उजवीकडे वळून, अख्ख्या कॉलनीला वळसा घालून, प्रार्थना संपल्यावर पोचतो. शेवटच्या लेव्हलचा राक्षस गॅलरीतल्या वॉशिंग मशीनवर मुक्काम ठोकून असतो आणि कुकरच्या शिट्टीला घाबरतो, कारण त्याच्या दुनियेत शिट्टी वाजली की हिरोला एक जादा जीव मिळतो. वरणभाताचा कुकर लागला की तिसऱ्या शिट्टीला स्वारी सोफ्यामागे. घरात एकटी बसून मी मोठ्यानं हसले. स्नेहसंमेलनाच्या प्रकरणापासून मात्र पुस्तक ढिलं पडतं, तोच विनोद तीनदा येतो. संपादकानं तिथली वीस पानं कापायला हवी होती.

मग चिठ्ठ्यांचे फोटो मोठे करून करून वाचले. वहीच्या फाडलेल्या कागदांवर, पेन्सिलीत, काही ठिकाणी खोडरबरानं कागद फाटेपर्यंत खोडून लिहिलेल्या. तुम्ही त्या जपून ठेवा. त्यातली एक इथे तशीच उतरवते : 'लेखकाने जुना गेम खेळलेला आहे. आताच्या गेममध्ये सगळीकडे जाता येतं. पप्पांना विचारलं तर ते बोलले त्यांच्या वेळी असंच होतं.'

किती नेमकं पकडलंय बघा. १९८५ साली आलेल्या सुपर मारिओमध्ये पडदा खरंच फक्त पुढे सरकायचा. मागे राहिलेलं मागेच, डावीकडे पडद्याबाहेर गेलेल्या जागी परत जायची सोय नाही. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे ते डबे घेऊन, कॅसेट काढून, तिच्यात फुंकर मारून पुन्हा बसवणारी पोरं आज चाळिशीतले वडील आहेत. म्हणजे लेखकाचं वय आणि त्याचं बालपण एका अकरा वर्षांच्या मुलानं एका विनोदावरून ओळखलं. त्यासाठी घरी चौकशी केली. आणि एका संध्याकाळी बापलेक त्या कॅसेटबद्दल बोलले. हे सगळं एका पुस्तकानं घडवून आणलं, जे आता तुम्हाला काढून ठेवायला सांगतायत.

सतराच्या सतरा चिठ्ठ्या पुस्तकाबद्दल आहेत. कुठलं पान आवडलं, कुठे कंटाळा आला, राक्षसाचं पुढे काय व्हायला हवं होतं. ग्रुपवरचे तुम्ही पाठवलेले मेसेज पुन्हा वाचा. त्यात पुस्तकातलं एक वाक्य नाही, एका पात्राचं नाव नाही. ते बहुतेक फोनबद्दल आहेत. दोन्ही बोलणी खरी आहेत, पण ती एकाच बैठकीत, एकाच पुस्तकाच्या माथी मारली तर दोन्ही वाया जातील.

पालकांची भीती उडवून लावू नका, एवढी विनंती. ती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगचा विकार आपल्या आजारांच्या वर्गीकरणात घेतला आहे. २०१९ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि २०२२ च्या जानेवारीपासून ते लागू झालं. पण त्याची लक्षणं काय सांगितली आहेत तेही बैठकीत सांगा : खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या आवडीनिवडी आणि रोजची कामं खेळापुढे मागे पडणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. आणि हे साधारण बारा महिने तरी चाललेलं असायला हवं, त्यानं अभ्यास, घर, मैत्री अशा गोष्टींना मोठा धक्का बसलेला असायला हवा. शनिवारी दोन तास खेळून हाक मारल्यावर कुरकुरत जेवायला येणारं मूल त्यात बसत नाही. ज्याची झोप उडाली आहे, जे मित्रांत जायचं सोडून बसलंय, फोन घेतला की ज्याचा तोल जातो, त्याच्यासाठी मात्र डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलायलाच हवं. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि उशीर करण्यासारखंही नाही.

सरकारनं गेम बंद केले, हे मात्र अर्धवट ऐकलेलं आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं जो कायदा केला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा आहे. मुलं खेळतात ते बहुतेक खेळ त्यात येत नाहीत.

आता ४३ वं पान. त्या पानावर तो राक्षस मुलाच्या धाकट्या बहिणीला रोज सकाळी एक भेट देतो. पहिल्या दिवशी पेन्सिल, दुसऱ्या दिवशी दोन पेन्सिली, मग कंपासपेटी. अट एकच : एकही दिवस चुकवायचा नाही. ती मामाकडे सिन्नरला दोन दिवस जाऊन येते आणि राक्षस सगळ्या भेटी परत घेऊन पुन्हा एका पेन्सिलीवर आणून ठेवतो. बिचारी रडून गोंधळ घालते, आजी राक्षसाला झाडूनं बडवते. प्रसंग विनोदीच आहे. आणि तुमच्याकडच्या एका नऊ वर्षांच्या मुलानं त्याबद्दल चिठ्ठीत लिहिलंय : 'आमच्या गेममध्ये पण असंच आहे. रोज नाही उघडलं तर सगळं जातं. म्हणून मी तापात पण उघडलं होतं. हे राक्षसासारखं आहे.'

मी ही चिठ्ठी वाचून बराच वेळ थांबले.

खेळ बनवणाऱ्यांनी माणसाला चटक कशी लागते याचा बारीक विचार केलेला असतो. रोजच्या हजेरीचं बक्षीस, एक दिवस चुकला की शून्यावर येणारी साखळी. पेटी उघडल्यावर काय निघेल ते आधी न सांगणं, कारण कधी मिळेल ते माहीत नसलेलं बक्षीस माणूस अधिक नेटानं मागत राहतो. थोडक्यात हुकल्यासारखं दाखवणं, म्हणजे 'अजून एकच डाव' म्हणत बोट पुन्हा तिथेच जाणं. हे मी तुमच्या मुलांना फळ्यावर लिहून समजावलं असतं तर त्यांनी जांभया दिल्या असत्या. फोन हिसकावून घेतला असता तर त्यांना फक्त माझा राग आला असता. पण वॉशिंग मशीनवर बसलेल्या राक्षसाच्या हातून तोच डाव घडताना बघून त्या मुलानं तो ओळखला, त्याला नाव दिलं आणि स्वतःच्या तापातल्या दिवसाशी जोडला. हसताना माणूस एक पाऊल मागे सरकून बघतो. गेममध्ये असताना ते पाऊल मागे घ्यायची सवडच नसते.

'गेमचंच पुस्तक हातात देता' असं लिहिणाऱ्या ताईंना बैठकीत ही एकच चिठ्ठी वाचून दाखवा, मुलाचं नाव न सांगता. वाद घालू नका. वाचा आणि पुढच्या विषयाकडे वळा.

आजोबांशी मात्र निवांत बोला, शक्य तर बैठकीच्या आधी, त्यांच्या घरी जाऊन. भाषेची कळकळ असलेला माणूस आहे, तो आपला माणूस आहे. त्यांना आधी विचारा, विटीदांडू खेळलात का? खेळले असणारच. मग मोजायचे कसे ते विचारा. वकट, लेंड, मुंड, नाल अशी यादी ते डोळे मिटून म्हणतील. मग तेलुगूतले आकडे त्यांच्यासमोर ठेवा : ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु. किती जवळचे आहेत ते त्यांच्याच कानाला कळेल. गोदाकाठच्या पोरांनी विटी कोलताना हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या बिनदिक्कत वापरले, आणि त्यानं मराठी बुडाली नाही. खेळाबरोबर शब्द येतात, मुलं ते जिभेवर घोळवून आपलेसे करतात. तुमच्याच चिठ्ठ्यांमध्ये 'माझे तीन जीव उरले होते', 'त्यानं रडीचा डाव केला', 'राक्षसाला आऊट करून टाकलं' अशी वाक्यं आहेत. लेव्हल आहे तसा रडीचा डावही आहे. ज्या मुलांची सगळी शाळा इंग्रजीत चालते ती दीडशे पानांचं मराठी पुस्तक मागून घेऊन वाचतायत, मराठीत चिठ्ठी लिहितायत, 'सहन होत नाही' हा शब्दप्रयोग शुद्ध लिहितायत. आजोबांना विनंती करा की एका शनिवारी येऊन मुलांना विटीदांडूचे सगळे शब्द शिकवा. ते येतील असं मला वाटतं.

पाचव्यांदा तेच पुस्तक वाचणाऱ्या मुलाबद्दल त्याच्या आईला सांगा की काळजीचं कारण नाही. लहान मूल तीच गोष्ट रोज रात्री मागतं तेव्हा आपण कौतुकानं सांगतो. अकरा वर्षांचं मूल तेच करतं तेव्हा घाबरतो. पुढे काय होणार ते ठाऊक असलं की वाचणाऱ्याचं लक्ष मोकळं होतं. पहिल्यांदा तो गोष्टीमागे धावला असेल, तिसऱ्यांदा विनोद कसा जमवलाय ते बघू लागला असेल. तुमच्या चार प्रतींपैकी त्याच्याकडची प्रत हातात घेऊन बघा, कुठल्या पानाचे कोपरे मऊ पडलेत. तिथे त्याचं काहीतरी आहे. त्याला 'आता दुसरं वाच' म्हणू नका. आठ वर्षांच्या चौघांना ते पान मोठ्यानं वाचून दाखवशील का, असं विचारा. मोठ्यानं वाचताना कुठे थांबायचं, कुठे आवाज बदलायचा हे कळलं की त्याला तसली दुसरी पुस्तकं आपसूक हवी होतील. तेव्हा तुमच्याकडे ती असायला हवीत. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमातून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत जातात. तिकडे चौकशी करा आणि विनोदी पुस्तकं आवर्जून मागा. आपण मुलांना चरित्रं आणि बोधकथा हौसेनं देतो, हसवणारं पुस्तक द्यायची वेळ आली की हात आखडतो.

पुस्तक कपाटातून काढण्याबद्दल माझा स्वतःचा एक अनुभव आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी शाळेत शिकवत होते तेव्हा नववीतल्या एका मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात रहस्यकथा सापडली. जप्त केली. संध्याकाळी सीबीएसवरून नाशिकरोडच्या बसमध्ये बसल्यावर सहज उघडली आणि माझा थांबा कधी मागे पडला ते कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तक तिला परत दिलं, पण बसमधली गोष्ट सांगितली नाही. त्यानंतर वर्षभर त्या मुलीनं माझ्यासमोर अवांतर पुस्तक म्हणून उघडलं नाही. ग्रंथालयाच्या तासालाही ती खिडकीतून बाहेर बघत बसायची. तिला फक्त एवढंच म्हणायला हवं होतं : खून कुणी केला ते सांगू नकोस, माझी तीन पानं राहिली आहेत. ते वाक्य मी आजवर मनात कितीदा म्हटलंय.

मुलांना नुसतं पुस्तक गेल्याचं दुःख होत नाही. आपण जे मनापासून लिहून दिलं त्याची किंमत शून्य होती, हे त्यांना कळतं. सतरा चिठ्ठ्या घेऊन झाल्यावर पुस्तक हलवलंत तर अठरावी चिठ्ठी कुणी लिहिणार नाही. आपल्या गावात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालू आहे. कादंबरी वाचणं हाच दुर्गुण मानला जायचा तो काळही त्यानं पाहिला आणि त्या कादंबऱ्या सांभाळल्या.

रविवारी असं करता येईल. ज्यांचा आक्षेप आहे त्यांना एकेक प्रत द्या, चार आहेतच. आठवड्यात वाचून, मुलांना लावता तशीच चिठ्ठी लिहून आणायला सांगा : कुठे हसलात, कुठे कंटाळलात. वाचल्यावरही ज्यांना आपल्या मुलानं हे वाचू नये असं वाटेल, त्यांचा तो अधिकार आहे. त्यांच्या मुलाला दुसरं द्या. पण बाकीच्या एकवीस मुलांचं पुस्तक कुणी एका घरानं ठरवू नये, हे शांतपणे, आवाज न चढवता सांगा. फोनचं बोलणं वेगळ्या दिवशी ठेवा आणि तेव्हा कामाच्या गोष्टींवर या. गेमचे नोटिफिकेशन बंद करा. खरेदीला पासवर्ड लावा. रात्री सगळ्यांचे फोन, मोठ्यांचेसुद्धा, बैठकीच्या खोलीत चार्जिंगला. आणि आठवड्यातून एकदा मुलाशेजारी बसून म्हणा, 'मला शिकव.' तुमच्यावर राज्य आलं की मूल फार मनापासून शिकवतं.

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आहे. तात्यासाहेब शिरवाडकरांच्या गावात त्या दिवशी सगळीकडे कवितावाचन होतं, ते व्हायलाच हवं. तुमच्या वाचनालयात त्या संध्याकाळी मुलांना त्यांच्या चिठ्ठ्या वाचू द्या. आवडलेल्याही आणि न आवडलेल्याही.

न आवडलेली एकच आहे आणि ती मी शेवटपर्यंत राखून ठेवली. सातवीतल्या मुलीनं लिहिलंय : 'राक्षस आला, हिरो आला, आजीला पण शेवटी पॉवर मिळते. सगळ्यांना लेव्हल आहे. आई नुसती पोहे करते आणि सगळ्यांना आंघोळीला जा म्हणते. आईला एकही लेव्हल नाही. म्हणून मला नाही आवडलं.'

मी पुस्तक पुन्हा उघडून बघितलं. तिचं खरं आहे. दीडशे पानांत ती आई स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडत नाही. माझ्या लक्षात आलं नव्हतं, तुमच्याही आलं नसेल, आणि ग्रुपवर संस्कारांबद्दल लिहिणाऱ्या एकाही मोठ्या माणसाच्या आलं नाही. या पुस्तकात काही खटकण्यासारखं असेल तर ते हे आहे, आणि ते एका बारा वर्षांच्या मुलीला दिसलं. तिला 'सगळ्यांना आवडलं, तुलाच कसं नाही' असं कुणी म्हणू नये, याची काळजी घ्या. लेखकाला पत्र लिहायचं का, असं तिला विचारा. पत्ता प्रकाशकाकडून मिळतो. आणि तिची इच्छा असेल तर त्या आईची लेव्हल तिनंच लिहावी. लिहून झाली की मला पाठवा, मला वाचायची आहे.